दाब आणि प्रवाह यांवरून विद्युतरोध व शक्ती काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोध आणि शक्ती काढण्याची सूत्रे नेमकी किती आहेत आणि कोणती पाठ करावीत?

मूळ सूत्रे दोनच आहेत. रोध म्हणजे दाब भागिले प्रवाह, आणि शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. दाब व्होल्टमध्ये आणि प्रवाह अँपिअरमध्ये घेतला, की रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मिळते. २३० व्होल्टवर चालणारी एखादी इस्त्री ४.३५ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर तिचा रोध २३० ÷ ४.३५ म्हणजे सुमारे ५३ ओहम आणि शक्ती २३० × ४.३५ म्हणजे जवळपास १००० वॅट.

पुस्तकांत याखेरीज जी दोन सूत्रे दिसतात, ती या दोहोंना एकमेकांत घालून तयार झालेली आहेत. शक्ती = प्रवाहाचा वर्ग × रोध, हे एक; आणि शक्ती = दाबाचा वर्ग ÷ रोध, हे दुसरे. सूत्रांचा त्रिकोण किंवा बारा खान्यांचे चक्र पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. गणित चुकते ते सूत्र आठवले नाही म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा ते चुकते ते कोणती राशी कायम आहे आणि कोणती तिच्यामागे बदलते आहे, हे न पाहता आकडे घातले म्हणून. या पानावरील बहुतेक उत्तरे शेवटी याच मुद्द्याशी येऊन थांबतात.

हे नियम कोणी शोधले?

दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध गेऑर्ग सायमन ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली पुस्तकरूपाने मांडला. त्याआधीच्या प्रयोगांत त्याला असा अनुभव आला की त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब मोजमाप चालू असतानाच घसरतो. म्हणून त्याने तांबे आणि बिस्मथ यांचे सांधे, एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात, असे ठेवून अगदी अल्प पण स्थिर दाब मिळवला आणि मगच वेगवेगळ्या लांबीच्या तारा तपासल्या. दाब स्थिर नसेल तर रोधाच्या मापाला अर्थ नाही, हा धडा आजही मल्टीमीटर हातात घेणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे जेम्स जूल यांनी १८४१ साली प्रसिद्ध केले.

उपकरणाच्या पाटीवर फक्त व्होल्ट आणि वॅट दिलेले असतात. त्यावरून प्रवाह आणि रोध कसा काढावा?

प्रवाहासाठी वॅटला व्होल्टने भागावे आणि रोधासाठी व्होल्टच्या वर्गाला वॅटने भागावे. पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे लिहिलेल्या गिझरचा प्रवाह ८.७ अँपिअर येतो आणि रोध ५२,९०० ÷ २००० म्हणजे सुमारे २६.५ ओहम. ३००० वॅटच्या इन्स्टंट गिझरला १३ अँपिअर लागतात आणि त्याच्या कॉइलचा रोध १७.६ ओहमच्या आसपास असतो. येथे अनेकांना गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की जास्त वॅटच्या उपकरणाचा रोध कमी असतो. दाब ठरलेला असल्यामुळे जास्त शक्ती हवी असेल तर जास्त प्रवाह यावा लागतो, आणि त्यासाठी वाट मोकळी असावी लागते.

हे गणित कॉइल असलेल्या उपकरणांनाच, म्हणजे गिझर, इस्त्री, शेगडी, पाणी तापवण्याचा रॉड यांनाच बिनधास्त लावावे. मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरण असेल तर पुढील उत्तरे वाचल्याशिवाय लावू नये.

एका सूत्रानुसार शक्ती रोधाच्या सम प्रमाणात आहे, तर दुसऱ्यानुसार व्यस्त प्रमाणात. मग खरे काय?

दोन्ही खरी आहेत, पण वेगवेगळ्या परिस्थितीत. घरातील सगळी उपकरणे समांतर जोडलेली असतात आणि प्रत्येकाला तोच २३० व्होल्टचा दाब मिळतो, त्यामुळे तेथे कमी रोधाचे उपकरण जास्त शक्ती खाते. एकसर (एकापुढे एक, म्हणजे सीरिज) जोडणीत मात्र सगळ्यांमधून तोच प्रवाह जातो, त्यामुळे तेथे जास्त रोधाचा भाग जास्त तापतो.

जुन्या तंतूच्या बल्बवर हे डोळ्यांनी पाहता येते. पूर्ण तापलेल्या अवस्थेत १०० वॅटच्या बल्बचा रोध ५२९ ओहम आणि ४० वॅटच्या बल्बचा सुमारे १३२३ ओहम असतो. दोघांना एकसर जोडून २३० व्होल्टवर लावले आणि रोध तेवढेच राहतात असे धरले, तर प्रवाह ०.१२४ अँपिअर येतो. त्या प्रवाहात ४० वॅटचा बल्ब सुमारे २० वॅट घेतो, तर १०० वॅटच्या वाट्याला जेमतेम ८ वॅट येतात. म्हणजे ‘लहान’ बल्ब बऱ्यापैकी उजळतो आणि ‘मोठा’ नुसता लालसर होतो. प्रत्यक्षात फरक याहूनही मोठा दिसतो, कारण १०० वॅटचा तंतू नीट तापतच नाही आणि त्याचा रोध आणखी खाली राहतो.

मल्टीमीटरने मोजलेला बल्बचा रोध गणितातल्या रोधाशी जुळत का नाही?

कारण मल्टीमीटर थंड तंतू मोजतो आणि गणित तापलेल्या तंतूचे असते. १०० वॅटच्या बल्बचा गणिताने येणारा रोध ५२९ ओहम. बल्ब होल्डरमधून काढून मीटरला लावला तर ३५ ते ४० ओहमच्या आसपास आकडा दिसतो. टंगस्टनचा तंतू जळताना अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातो आणि त्या तापमानाला त्याचा रोध थंड अवस्थेच्या बारा-चौदा पट होतो. बटण दाबताच पहिल्या क्षणी बल्ब सुमारे ६ अँपिअर ओढतो आणि लगेच ०.४३ अँपिअरवर स्थिरावतो. बल्ब बहुधा लावतानाच उडतात, त्याचे हे मुख्य कारण.

गिझर किंवा इस्त्रीच्या नायक्रोम कॉइलचा रोध तापल्यावर थोड्याच टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे तेथे मीटरचा आकडा आणि गणित यांचा मेळ चांगला बसतो. गिझरची कॉइल शाबूत आहे की नाही हे पाहायचे असेल, तर वीज पूर्ण बंद करून, कॉइलच्या दोन्ही टोकांच्या वायरी सोडवून मग मोजावे. २००० वॅटच्या कॉइलवर २६-२७ ओहम दिसले तर कॉइल ठीक आहे; काहीच दाखवले नाही तर ती तुटली आहे.

दाब कमी झाला की प्रवाह कमी होतो की वाढतो?

याचे उत्तर उपकरणावर अवलंबून आहे, आणि एकाच वायरमनकडून दोन्ही उत्तरे ऐकायला मिळण्याचे कारणही तेच.

गिझर, शेगडी यांसारख्या उपकरणांत रोध जवळपास कायम असतो. दाब घसरला की त्याच प्रमाणात प्रवाह घसरतो आणि शक्ती दाबाच्या वर्गाने घसरते. संध्याकाळी सगळ्या वस्तीचा लोड एकाच डीपीवर (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर) आला आणि दाब २३० वरून १८० व्होल्टवर उतरला, तर २००० वॅटचा गिझर १२२५ वॅटवर येतो. दाब बावीस टक्क्यांनी कमी, शक्ती मात्र जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी.

शेतीपंपाच्या मोटरीचे याच्या उलट. विहिरीतून पाणी ठराविक उंचीवर उचलायचे काम तेवढेच राहते, मोटरीचा वेगही फारसा कमी होत नाही, म्हणून तिला लागणारी शक्ती साधारण कायम असते. दाब कमी झाला की तीच शक्ती मिळवण्यासाठी मोटर जास्त प्रवाह ओढते. पाच एचपीची तीन फेजची मोटर ४१५ व्होल्टवर सुमारे ७.५ अँपिअर घेत असेल, तर ३३० व्होल्टवर ती साडेनऊच्या जवळ जाते. वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती दीडपटीहून अधिक होते. कमी दाबावर मोटर जळते, असे शेतकरी सांगतात त्याचे गणित हे आहे; आणि स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की मोटर बंद करणारा भाग) वारंवार पडतो म्हणून तो वरच्या अँपिअरवर सरकवून ठेवणे म्हणजे मोटरीचे उरलेसुरले संरक्षण स्वतःच्या हाताने काढून टाकणे होय.

मोबाइलचा चार्जर, टीव्ही, संगणक आणि चांगल्या प्रतीचा एलईडी दिवा हेही तिसऱ्या नव्हे, याच दुसऱ्या गटातले. त्यांच्यातील इलेक्ट्रॉनिक पुरवठा बाहेर ठराविक शक्ती देत राहतो, म्हणून दाब घटला की प्रवाह वाढवून घेतो.

कमी दाबावर गिझर कमी शक्ती घेतो, तर मग बिलही कमी येते का?

येत नाही. बिल शक्तीचे नसते, ऊर्जेचे असते. एक युनिट म्हणजे १००० वॅटचे उपकरण एक तास चालवल्यावर लागणारी ऊर्जा.

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायचे असेल, तर १५ × ४.१८६ × ३० म्हणजे सुमारे १८८४ किलोजूल, अर्थात ०.५२ युनिट ऊर्जा लागते, मग दाब काहीही असो. २००० वॅटवर हे काम पावणेसोळा मिनिटांत होते आणि १२२५ वॅटवर त्याला साडेपंचवीस मिनिटे लागतात. वाढलेल्या वेळात टाकीतून थोडी जास्त उष्णता बाहेर निसटते, त्यामुळे झालाच तर खर्च किंचित वाढतो. वॅट आणि युनिट यांची गल्लत शिकलेल्या माणसांकडूनही इतक्या सहजपणे होते की हा प्रश्न प्रत्येक हिवाळ्यात नव्याने विचारला जातो.

पंखा, फ्रीज किंवा पंप यांची शक्ती दाब गुणिले प्रवाह एवढ्यावर काढता येते का?

येत नाही, जो आकडा येतो तो व्होल्ट-अँपिअर असतो, वॅट नव्हे. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करणारी, म्हणजे सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी असते. मोटरीच्या वाइंडिंगमुळे प्रवाह दाबाच्या थोडा मागे पडतो, आणि त्यामुळे प्रवाहाचा काही भाग काम न करता नुसता ये-जा करत राहतो. म्हणून दाब × प्रवाह या गुणाकाराला पॉवर फॅक्टरने गुणावे लागते. समजा फ्रीजचा प्रवाह १ अँपिअर मोजला गेला आणि त्याच वेळी वीजमीटरवरून १४० वॅट निघाले, तर व्होल्ट-अँपिअर २३०, खरी शक्ती १४० आणि पॉवर फॅक्टर ०.६१. या २३० ला १ ने भागून फ्रीजचा ‘रोध २३० ओहम’ असे कोणी सांगितले तर ते चूक आहे, कारण त्या आकड्यात वाइंडिंगच्या तांब्याचा साधा रोध थोडाच असतो.

तीन फेजच्या मोटरीसाठी शक्ती = १.७३२ × दोन फेजमधला दाब × एका वायरीतला प्रवाह × पॉवर फॅक्टर. पाच एचपी म्हणजे शाफ्टवर मिळणारे ३७३० वॅट. मोटरीची कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर ती विजेतून सुमारे ४५५० वॅट घेते, आणि पॉवर फॅक्टर ०.८५ धरून ४१५ व्होल्टवर प्रवाह ७.४५ अँपिअर येतो. वर दिलेला साडेसात अँपिअरचा आकडा असा निघाला.

२३० व्होल्ट हा आकडा सतत बदलणाऱ्या दाबाचा असेल, तर गणितात तोच का वापरायचा?

कारण तो मुद्दाम तसा निवडलेला आकडा आहे. प्रत्यक्ष दाब शून्यापासून सुमारे ३२५ व्होल्टच्या शिखरापर्यंत जातो आणि पुन्हा उलट्या दिशेने तेवढाच जातो; त्याची कॉइल तापवण्याची क्षमता २३० व्होल्टच्या एकदिश दाबाइतकी असते. म्हणून कॉइलच्या उपकरणांसाठी साधी सूत्रे जशीच्या तशी चालतात.

गिझरचा प्लग तापतो, काळा पडतो. वायर बदलावी की प्लग?

दोन्ही तपासावेत, आणि दोन्हींसाठी सूत्र एकच : प्रवाहाचा वर्ग × रोध. येथे दाब × प्रवाह वापरताना २३० व्होल्ट घालणे ही नेहमीची चूक आहे, कारण वायरीच्या दोन टोकांमध्ये २३० व्होल्ट नसतात. तेथे फक्त वायरीत गळणारे काही व्होल्ट असतात.

तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर वायरीचा रोध ०.०१७२ ओहम असतो. मेन बोर्डापासून गिझर २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर वायर होते, आणि हे ‘येऊन’ विसरणारे बरेच असतात. ३००० वॅटच्या गिझरसाठी १३ अँपिअर प्रवाह धरला तर एक चौरस मिलिमीटरच्या वायरीचा रोध ०.६९ ओहम, तिच्यात गळणारा दाब ९ व्होल्ट आणि भिंतीच्या आत निर्माण होणारी उष्णता ११७ वॅट येते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर उष्णता ४७ वॅटवर येते आणि चार चौरस मिलिमीटरला २९ वॅटवर. वायरीवर वाचवलेले पैसे भिंत तापवण्यात जातात.

प्लगची गोष्ट अधिक वाईट, कारण तेथे सगळी उष्णता एका ठिपक्यावर जमते. सॉकेटमधली पितळी पट्टी सैल झाली आणि तेथे फक्त ०.२ ओहम रोध तयार झाला, तर १३ अँपिअरवर त्या एका जागी ३४ वॅट उष्णता निघते. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न कथील वितळवते, हे लक्षात घेतले म्हणजे प्लास्टिकचे काय होत असेल याचा अंदाज येतो. विशेष म्हणजे हा ०.२ ओहम साध्या मल्टीमीटरला नीट दिसतही नाही, कारण त्याच्या स्वतःच्या प्रोबच्या वायरींचा रोध तेवढाच असतो. तेथे गणितापेक्षा हात आणि नाक जास्त उपयोगी : गिझर दहा मिनिटे चालवून, बंद करून, प्लग काढून पिनांना हात लावावा. चटका बसला तर सॉकेट बदलावे. इतका लोड नेहमीच १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवर असावा. सहा अँपिअरच्या पॉइंटवर मल्टिप्लग लावून तो चालवू नये.

घरच्या घरी दाब आणि प्रवाह सुरक्षितपणे कसा मोजावा?

दाब मोजताना मीटर उपकरणाच्या समांतर लावतात आणि प्रवाह मोजताना वायर तोडून मध्ये, म्हणजे एकसर लावतात. मल्टीमीटरचा लाल प्रोब अँपिअरच्या भोकात ठेवून तो चुकून सॉकेटच्या फेज आणि न्यूट्रलमध्ये घातला, तर मीटरचा रोध जवळपास शून्य असल्यामुळे तो सरळसरळ शॉर्ट सर्किट होतो. स्वस्त मीटरमध्ये दहा अँपिअरच्या बाजूला पुष्कळदा फ्यूजही नसतो. त्यामुळे घरच्या विजेवर मल्टीमीटरने प्रवाह मोजूच नये. त्यासाठी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती चिमट्यासारखा अडकवायचा मीटर, वापरावा. क्लॅम्पमध्ये फेज किंवा न्यूट्रल यांपैकी एकच वायर घ्यावी. दोन्ही घेतल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडून काढतात आणि मीटर शून्य दाखवतो.

आणि रोध मोजताना वीज बंदच हवी.

क्लॅम्प मीटर नसेल तर एखाद्या उपकरणाची शक्ती कळण्याचा काही मार्ग आहे का?

आहे, आणि तो फुकट आहे. इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी दर युनिटला किती लुकलुकी, तो आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, तेव्हा ३२०० ने भागल्यावर दर लुकलुकीला ११२५ जूल होतात. घरातले बाकी सगळे बंद करून फक्त गिझर चालू ठेवावा आणि २० लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर पाहावे. पहिल्या लुकलुकीला ‘शून्य’ म्हणून मोजायला सुरुवात करावी. साडेअकरा सेकंद लागले तर शक्ती २२,५०० ÷ ११.५ म्हणजे १९५७ वॅट. त्याच वेळी दाब २३० व्होल्ट असेल तर प्रवाह ८.५ अँपिअर आणि रोध २७ ओहम. येथे मोजली जाते ती खरी शक्ती, म्हणून पॉवर फॅक्टरची कटकट नाही. पंखा आणि फ्रीज यांनाही ही रीत चालते. मात्र त्यांची शक्ती कमी असल्याने जास्त वेळ मोजावे लागते.

इन्व्हर्टरच्या बॅटरीला इतक्या जाड वायरी का लागतात?

दाब १२ व्होल्ट आहे म्हणून. घरात ५०० वॅटचा लोड असेल आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर बॅटरीला ५८८ वॅट द्यावे लागतात, म्हणजे ४९ अँपिअर. तोच लोड २३० व्होल्टच्या बाजूला सव्वादोन अँपिअरच्या आत असतो.

याच मोजणीतून बॅटरीचा अंतर्गत रोधही काढता येतो. लोड नसताना दाब १२.७ व्होल्ट आणि ४९ अँपिअरवर १२.१ व्होल्ट असेल, तर ०.६ ÷ ४९ म्हणजे ०.०१२ ओहम. बॅटरी जुनी होते तसा हा आकडा वाढतो, आणि लोड टाकताच दाब कोसळतो. लोड नसतानाचा दाब पाहून बॅटरी चांगली आहे असे सांगणाऱ्यावर म्हणून विसंबू नये.

हे गणित मोठ्या वीजवाहिन्यांनाही लागू होते का?

होते. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची वाहिनी एकदिश विजेची आहे, म्हणून तिला साधे सूत्र पॉवर फॅक्टरशिवाय थेट लावता येते. एक तार अधिक ५०० आणि दुसरी उणे ५०० किलोव्होल्टवर, म्हणजे दोहोंमध्ये १० लाख व्होल्ट. क्षमता १५०० मेगावॅट. भागाकार केला की प्रवाह १५०० अँपिअर येतो. हीच शक्ती २३० व्होल्टवर पाठवायची ठरवली असती तर सुमारे ६५ लाख अँपिअर लागले असते, आणि तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाने वाढते हे लक्षात घेता पडघ्याला काहीही पोहोचले नसते.

एलईडीला रोधक जोडताना त्याचे मूल्य कसे ठरवावे?

एलईडी ओहमचा नियम पाळत नाही. पांढऱ्या एलईडीवर ३ व्होल्टच्या आसपास दाब आला की प्रवाह झपाट्याने वाढतो, म्हणून गणित रोधकाचे करावे. पुरवठा १२ व्होल्टचा, एलईडीवर ३ व्होल्ट आणि प्रवाह २० मिलिअँपिअर हवा असेल, तर रोधकावर ९ व्होल्ट उरतात. ९ ÷ ०.०२ म्हणजे ४५० ओहम. बाजारात सहज मिळणारा जवळचा रोधक ४७० ओहमचा. त्यात ०.१७ वॅट उष्णता निघते, म्हणून पाव वॅटचा चालेल, पण अर्ध्या वॅटचा घेतलेला बरा.

शॉक बसतो तेव्हा शरीरातून किती प्रवाह जातो, आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारे बटण) का पडत नाही?

कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळ असतो, पण ओल्या अंगाने, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. २३० ÷ १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, आणि इतका प्रवाह छातीतून गेला तर प्राण जाण्यास पुरेसा आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने मात्र हा प्रवाह नगण्य आहे. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नव्हे. त्यासाठी ०.०३ अँपिअरच्या गळतीवर पडणारा आरसीसीबी आणि नीट केलेले अर्थिंग लागते.

उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत लिहावे?

मोजमाप जितके खात्रीचे, तितकेच. दाबात एक टक्का आणि प्रवाहात दोन टक्के चूक संभवत असेल, तर रोधात आणि शक्तीत तीन टक्क्यांपर्यंत चूक येऊ शकते. कॅल्क्युलेटरने २६.४३६७८ दाखवले तरी वहीत २६ ओहम लिहावे. फार तर २६.४.